विषुववृत्तावरचा बर्फ: माउंट केनिया आणि त्याच्या तीन वाटा

१८४९ सालच्या डिसेंबर महिन्यात योहान क्राप्फ नावाचा एक जर्मन मिशनरी पूर्व आफ्रिकेतल्या कितुई गावाजवळ होता. ढग जरा बाजूला झाले आणि त्याला दूरवर एक प्रचंड पर्वत दिसला. माथ्यावर दोन सुळके होते आणि त्यांच्यावर पांढरं काहीतरी चमकत होतं. (सुळका म्हणजे डोंगराचा उभा, टोकदार खडक.) क्राप्फने लिहून कळवलं की इथे बर्फ आहे. युरोपातल्या काही भूगोलतज्ज्ञांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. ते स्वतः आफ्रिकेत गेलेले नव्हते, पण त्यांचं म्हणणं ठाम होतं: विषुववृत्तावर एवढं ऊन असतं, तिथे बर्फ टिकणारच नाही!

क्राप्फचं बरोबर होतं. त्याने पाहिला तो माउंट केनिया. आफ्रिकेतला दुसऱ्या क्रमांकाचा उंच पर्वत. पहिला क्रमांक शेजारच्या टांझानियातल्या किलिमांजारोचा. पण किलिमांजारो विषुववृत्तापासून तीनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला आहे. माउंट केनियाचं शिखर मात्र विषुववृत्तापासून वीस किलोमीटरच्या आत आहे आणि पर्वताच्या उत्तरेकडच्या उतारावरून तर ती रेषा सरळ जाते. या पाठात आपण त्या पर्वतावर कसं चढतात, वाटेत काय दिसतं आणि तिथे घाई का करायची नाही, हे बघू.

आधी बर्फाचं कोडं सोडवू. आपण दर हजार मीटर वर गेलो की हवा साधारण सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने गार होते. मोंबासाच्या समुद्रकिनाऱ्यावर ३० अंश असतील, तर पाच हजार मीटरवर शून्याच्या आसपास येतं. ऊन तेवढंच कडक असतं, उलट वर जास्तच भाजतं, पण हवा ऊब धरून ठेवत नाही. म्हणून तिथे टोपी काढली तर कपाळ भाजतं आणि सावलीत गेलं तर हुडहुडी भरते.

तीन शिखरं, तीन नावं

माउंट केनिया एकेकाळी ज्वालामुखी होता. तो थंड होऊन आता सुमारे तीस लाख वर्षं झाली आहेत. सह्याद्रीसुद्धा लाव्ह्याचाच बनलेला आहे, पण तिथे लाव्हा जमिनीच्या भेगांमधून बाहेर आला, दूरवर पसरला आणि थरांवर थर बसले. म्हणून आपले डोंगर वरून सपाट, पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. इथे लाव्हा मुख्यतः एकाच तोंडातून बाहेर पडत राहिला आणि उंच शंकू तयार झाला. पुढे पाऊस, वारा आणि बर्फाने बाहेरचा मऊ भाग झिजवला. आतल्या नळीत थिजलेला कठीण खडक तेवढा उरला. तेच आजचे सुळके.

सगळ्यांत उंच बाटियान, ५१९९ मीटर. त्याला खेटून नेलिओन, ५१८८ मीटर. हे दोन्ही चढायला दोर, हेल्मेट आणि कातळ चढण्याचं प्रशिक्षण लागतं. तिसरं लेनाना, ४९८५ मीटर. तिथे साधे ट्रेकरसुद्धा चालत जाऊ शकतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेनानाला ४७ मीटर कमी पडतात!

ही नावं मासाई लोकांच्या धर्मप्रमुखांची आहेत. ती हॅलफर्ड मॅकिंडर या इंग्रज भूगोलतज्ज्ञाने दिली. १८९९ साली तो सेझार ओलिए आणि जोसेफ ब्रोशेरेल या दोन वाटाड्यांबरोबर पहिल्यांदा बाटियानवर पोचला. पण डोंगराचं नाव त्याच्याही आधीचं आहे. किकुयू लोक त्याला किरिन्यागा म्हणतात. त्यांचा देव न्गाई याचं तिथे निवासस्थान आहे अशी त्यांची श्रद्धा आहे आणि जुन्या पद्धतीच्या घरांची दारं डोंगराकडे तोंड करून असत. क्राप्फला कांबा लोकांकडून जो उच्चार ऐकू आला, त्यावरून 'केनिया' झालं आणि नंतर अख्ख्या देशाला तेच नाव मिळालं. डोंगराचं नाव मिळालेले देश जगात फार नाहीत.

१९६३ साली केनिया स्वतंत्र झाला तेव्हा किसोई मुन्याओ नावाच्या गिर्यारोहकाने नव्या देशाचा झेंडा या पर्वतावर नेऊन फडकवला.

रोज उन्हाळा, रोज हिवाळा

तुम्ही जिथे राहता तिथे बहुतेक वर्षाचे ऋतू असतील. लंडनला डिसेंबरमध्ये चार वाजताच अंधार पडतो आणि जूनमध्ये रात्री नऊलासुद्धा उजेड असतो. विषुववृत्तावर असं काही होत नाही. बाराही महिने दिवस साधारण बारा तासांचा आणि रात्र बारा तासांची. उन्हाळा आणि हिवाळा असा फरक जवळजवळ नाहीच. मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, एवढंच.

पण चार हजार मीटरवर दुसरीच गंमत असते. दुपारी उन्हात बसलं तर शर्टावर राहता येतं. सूर्य मावळला की अर्ध्या तासात लोकरीची टोपी, हातमोजे, जाड जाकीट. पहाटे ओढ्याच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असतो. सकाळी दहाला तो गायब! जानेवारी आणि जुलै यांच्यातल्या फरकापेक्षा दुपार आणि पहाट यांच्यातला फरक कितीतरी मोठा असतो. वर्षभराचे ऋतू जणू एका दिवसात बसवलेले. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण तिथल्या झाडांचं सगळं आयुष्य यावर अवलंबून आहे.

सूर्य रोज जवळपास एकाच वेळी उगवतो म्हणून स्वाहिली भाषेत वेळसुद्धा सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. पहाटेचे तीन म्हणजे 'रात्रीचे नऊ'. आमच्या वाटाड्याने "उद्या रात्री नऊला निघायचं" असं सांगितल्यावर आमच्यातला एक जण घड्याळाकडेच बघत बसला होता. आपल्याकडेही पूर्वी प्रहर आणि घटका सूर्योदयापासून मोजत, त्यामुळे हे फार परकं वाटायला नको.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. जून ते सप्टेंबर सूर्य थोडा उत्तरेला असतो. तेव्हा बाटियानच्या उत्तरेकडच्या कड्यावर ऊन पडतं, खडक कोरडा होतो आणि कातळ चढणारे लोक तिकडून जातात. त्याच वेळी दक्षिणेकडचा कडा सावलीत, बर्फात गारठलेला असतो. डिसेंबरनंतर उलट होतं. सूर्य दक्षिणेला जातो, दक्षिणेचा कडा सुकतो आणि उत्तरेला बर्फ धरतो. म्हणजे एकाच डोंगराच्या एका बाजूला उन्हाळा आणि दुसऱ्या बाजूला हिवाळा, तोही एकाच दिवशी.

(नान्युकी गावाजवळ विषुववृत्ताची मोठी पाटी आहे. तिथे भोक पाडलेल्या भांड्यात पाणी ओतून दाखवतात: रेषेच्या या बाजूला भोवरा डावीकडे फिरतो, त्या बाजूला उजवीकडे. बघायला मजा येते, पण तो हाताचा खेळ आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा भांड्यात, तेही रेषेपासून वीस पावलांवर, दिसण्याइतका मोठा नसतो. वादळांमध्ये मात्र तो खरंच दिसतो.)

तीन वाटा

पर्वतावर जायच्या वाटा बऱ्याच आहेत, पण बहुतेक लोक तीनपैकी एक निवडतात. १९४९ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथे एकट्याने चढायला परवानगी नाही, वाटाड्या बरोबर लागतो. हे चांगलंच आहे. खालच्या जंगलात हत्ती आणि रानम्हशी असतात.

नारो मोरू वाट पश्चिमेकडून जाते. ही सगळ्यांत जवळची आणि म्हणूनच सगळ्यांत फसवी. २४०० मीटरवरच्या फाटकातून निघालं की जंगल आणि बांबू ओलांडून ३०५० मीटरवर हवामान केंद्राजवळ पहिला मुक्काम होतो. दुसऱ्या दिवशी 'उभी दलदल' लागते. दलदल म्हणजे चिखलाने भरलेली जमीन. ती सहसा सपाट जागी असते. इथे ती चढावर आहे! गवताच्या एका झुपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जायचं, चुकलात तर गुडघ्यापर्यंत चिखल. मग तेलेकी दरी आणि ४२०० मीटरवर मॅकिंडर कॅम्प.

सिरिमोन वाट वायव्येकडून येते. ती कोरडी आणि सोपी. डोंगराला पाऊस मुख्यतः आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी मिळतो, त्यामुळे उत्तरेची बाजू पाठीमागे राहते. या बाजूला बांबूचं जंगल जवळजवळ नाहीच. देवदाराच्या जातीची झाडं संपली की लगेच मोकळं माळरान सुरू होतं. फाटक सुमारे २६५० मीटरवर, पहिला मुक्काम ओल्ड मोझेस ३३०० मीटरवर, पुढचा शिप्टन कॅम्प ४२०० मीटरवर. शिप्टन कॅम्पला पोचण्याआधी तुम्ही मॅकिंडर दरीतून चालता. हो, मॅकिंडर दरी इकडे आणि मॅकिंडर कॅम्प तिकडे, नारो मोरूच्या वाटेवर. नावं ठेवणाऱ्यांनी पुढच्या ट्रेकरांचा विचार केलेला दिसत नाही.

चोगोरिया वाट पूर्वेकडून येते आणि माझ्या मते तिन्हींत सुंदर हीच. लांब आहे, पण चढ हळूहळू आहे. फाटकच सुमारे २९५० मीटरवर आहे. पुढे एलिस तळं, मग गॉर्जेस दरी. या दरीच्या तळाशी मायकेलसन नावाचं निळं-काळं तळं आहे आणि त्याच्या डोक्यावर सरळसोट कडा. त्या कड्याला 'टेंपल', म्हणजे देऊळ म्हणतात. कड्याच्या कडेवर उभं राहून खाली बघितलं की तळ्याकाठचे तंबू रंगीत खडूंच्या तुकड्यांएवढे दिसतात. ही दरी एका जुन्या हिमनदीने कोरली आहे. हिमनदी म्हणजे हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रवाह.

बरेच लोक सिरिमोनने चढतात आणि चोगोरियाने उतरतात. दोन्ही बाजू बघायला मिळतात आणि उतरताना पाय दुखत असले तरी डोळ्यांना काम असतं.

रात्री दारं लावणारी झाडं

साडेतीन हजार मीटरच्या वर गेलं की आपण दुसऱ्या ग्रहावर आलोय असं वाटतं. झाडं नेहमीची नाहीतच. पुरुषभर उंचीचे, आणि त्याहूनही उंच, जाड खोडांचे खांब उभे असतात आणि प्रत्येक खांबाच्या टोकाला कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका. ही ग्राउंडसेल झाडं. युरोपातल्या बागांमध्ये ग्राउंडसेल हे टाचेएवढं तण असतं. इथे त्याच कुटुंबातला हा भाऊ पाच-सहा मीटर वाढतो.

दर रात्री गोठणारी थंडी आणि दर दुपारी कडक ऊन. थंड देशातली झाडं हिवाळ्यात पानं गाळतात आणि झोपून जातात. पण हिवाळा रोज रात्री येत असेल तर? रोज पानं गाळून रोज नवी कशी आणणार? मग या झाडांनी वेगळे उपाय केले. ग्राउंडसेलची पानं वाळली तरी गळत नाहीत. ती खोडालाच लटकून राहतात आणि खोडाभोवती गोधडी तयार होते. त्यामुळे खोडातलं पाणी रात्री गोठत नाही. सूर्य उगवताच पानांना पाणी लागतं. ते आत गोठलेलं असतं तर झाड उन्हात तहानेने मेलं असतं. म्हणून ती वाळकी पानं कुणी ओढून काढू नका, झाड घाणेरडं दिसत असलं तरी.

टोकाचा झुबकाही रात्री मिटतो. बाहेरची पानं आत वळतात आणि मधला कोवळा कोंब झाकून टाकतात. सकाळी पुन्हा उघडतात. रोज संध्याकाळी दार लावायचं, रोज सकाळी उघडायचं.

लोबेलियाची युक्ती याहून भारी आहे. दरीच्या ओल्या तळात वाढणाऱ्या लोबेलियाच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. रात्री त्या पाण्याचा फक्त वरचा थर गोठतो. बर्फाच्या झाकणाखाली पाणी पाणीच राहतं आणि त्यात बुडालेला कोंब गोठण्यापासून वाचतो. सकाळी लवकर उठलात तर बोटाने ते झाकण हळूच वाजवून बघा. मोडू मात्र नका.

उंच, कोरड्या उतारावर दुसरा लोबेलिया असतो. सॅम्युएल तेलेकी हा हंगेरीचा सरदार १८८७ साली इथे आला होता, त्याच्या नावावरून याला तेलेकी लोबेलिया म्हणतात. याच्या फुलांचा तुरा माणसापेक्षा उंच होतो आणि तो राखाडी केसांनी इतका भरलेला असतो की लांबून एखादं लोकरीचं जनावर मागच्या पायांवर उभं असल्यासारखं वाटतं. ते केस म्हणजे स्वेटरच. फुलं आत लपलेली असतात आणि एक हिरवा चमकदार, लांब शेपटीचा सूर्यपक्षी चोच खुपसून त्यांतला मध पितो.

तेलेकी लोबेलिया कित्येक दशकं वाढत राहतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. सह्याद्रीत कारवीचंही असंच असतं: सात वर्षांनी एकदा फुलायची, बी सोडायची आणि वाळून जायची. ओल्या दरीतला लोबेलिया मात्र अनेक फांद्यांचा असतो. त्याची एक फांदी फुलून मरते, बाकीच्या पुढच्या वेळेसाठी उरतात. एवढा फरक का? ओल्या जागी पुन्हा फुलायची संधी लवकर मिळते, म्हणून थोडं शिल्लक ठेवणं परवडतं. कोरड्या जागी पुढची संधी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून जे आहे ते सगळं एकदाच पणाला लावायचं. लोबेलिया आपल्याकडेही आहे बरं का! महाबळेश्वरच्या बाजूला जी उंच रानतंबाखू दिसते, तिला काही जण देवनळ म्हणतात, ती याच लोबेलिया कुटुंबातली. फक्त तिला रोज रात्री गोठावं लागत नाही, त्यामुळे स्वेटर नाही.

आणि शिप्टन कॅम्पवर तुमच्या बिस्किटांवर डोळा ठेवून बसलेला, सशाएवढा, बिनशेपटीचा, गोल प्राणी म्हणजे हायरॅक्स. उंदरासारखा दिसतो, पण त्याचा खरा जवळचा नातेवाईक हत्ती आहे. बिस्किट देऊ नका. त्याला गवत पुरतं.

घाई का करायची नाही

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लेनाना 'सोपं' आहे असं ऐकून बरेच लोक नैरोबीहून निघतात आणि तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी शिखरावर जायचं ठरवतात. पायांना ते जमतंही. फुप्फुसांना आणि मेंदूला जमत नाही.

समुद्रसपाटीला हवेचा दाब १०० धरला तर लेनानावर तो साधारण ५५ असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात जवळजवळ निम्माच ऑक्सिजन. दाब कमी म्हणून पाणीही लवकर उकळतं: ४२०० मीटरवर सुमारे ८६ अंशांना. उकळतं, पण पुरेसं तापत नाही. साध्या पातेल्यात डाळ तासन् तास शिजवली तरी दाताखाली कचकच लागते. आमच्या आचाऱ्याने म्हणूनच पाठीवर प्रेशर कुकर वाहून आणला होता.

शरीर कमी ऑक्सिजनची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. माझ्या कामातलं उदाहरण द्यायचं तर कॉम्प्युटरवर मोठा अपडेट चालू असताना कितीही बटणं दाबली तरी तो लवकर संपत नाही. तुम्ही व्यायाम करणारे असा, फुटबॉल खेळणारे असा, त्याने हा वेळ कमी होत नाही. उलट तंदुरुस्त लोक भरभर चढतात आणि जास्त आजारी पडतात.

डॉक्टर साधारण असं सांगतात: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. आता वरचे आकडे पुन्हा बघा. ओल्ड मोझेस ३३००, शिप्टन कॅम्प ४२००. एका दिवसात ९०० मीटर! नारो मोरूच्या वाटेवर तर ३०५० वरून ४२००. म्हणजे ठरलेल्या मुक्कामांनी गेलात तर नियम मोडतोच. वजाबाकी स्वतः करा. सहलीच्या जाहिरातीत ती केलेली नसते.

डोकं दुखणं, मळमळणं, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. अशा वेळी वर जायचं नाही. तिथेच थांबायचं, बरं वाटलं तर पुढे. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा माणूस सरळ रेषेत चालू शकेना, झिंगल्यासारखा अडखळायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी त्याला घेऊन लगेच खाली उतरायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी धरण्याची ती चिन्हं असतात आणि त्यात जीव जातो. आणि कुणी "मला काही झालं नाही, चला" म्हणत असेल तरी त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, त्याचं चालणं बघा. लहान मुलं तर नीट सांगूही शकत नाहीत. ती नुसती चिडचिडी होतात, खात नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

केनियातले वाटाडे दिवसभर दोन शब्द म्हणत असतात: "पोले पोले." म्हणजे हळूहळू. सुरुवातीला आपल्याला वाटतं, हा आपल्याला म्हातारं समजतो की काय! दुसऱ्या दिवशी कळतं.

लेनानाची पहाट

शेवटचा चढ पहाटे तीनला सुरू करतात, म्हणजे सूर्योदयाला वर पोचता येतं आणि दुपारच्या ढगांच्या आत खाली येता येतं. डोक्यावर दिवा, पायाखाली सैल खडी. दोन पावलं वर, एक पाऊल घसरत खाली. माथ्याजवळ खडकात लोखंडी कांब्या आणि तारा ठोकलेल्या आहेत, त्यांना धरून चढायचं. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला तीनशेहून जास्त किलोमीटरवर किलिमांजारो दिसतो.

याच शिखरावर १९४३ साली तीन विचित्र पाहुणे येऊ पाहत होते. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि नान्युकीत इंग्रजांची युद्धकैद्यांची छावणी होती. फेलिचे बेनुत्सी हा इटालियन कैदी तारेच्या कुंपणातून रोज हा पर्वत बघायचा. कंटाळून गेलेल्या त्या माणसाने ठरवलं की पळायचं, डोंगर चढायचा आणि परत कैदेत यायचं! त्याने दोन सोबती जमवले. भंगारातून कुऱ्हाडी आणि काटेरी तळवे बनवले. नकाशा नव्हता, म्हणून मांसाच्या डब्यावर छापलेलं डोंगराचं चित्र वापरलं. बाटियान त्यांना जमलं नाही. एक जण आजारी होता, तो खाली तंबूतच राहिला. पण बेनुत्सी आणि जोव्हानी बालेत्तो लेनानावर पोचले, इटलीचा झेंडा लावला, खाली उतरले आणि स्वतःहून छावणीत हजर झाले. त्यांना २८ दिवसांच्या एकांतवासाची शिक्षा झाली. त्यांची जिद्द बघून छावणीच्या प्रमुखाने ती सात दिवसांवर आणली.

त्यांनी पाहिलेला डोंगर आणि आजचा यांत एक मोठा फरक आहे. लेनानाच्या खाली लुईस हिमनदी होती. आहे म्हणायला आज जुन्या बर्फाचे थोडे, मळकट तुकडे उरलेत. मॅकिंडरच्या काळात या पर्वतावर अठरा हिमनद्या मोजल्या जात, त्यांतल्या बऱ्याच पूर्ण संपल्या. हवा तापली हे एक कारण. पाऊस आणि ढग कमी झाल्याने नवा बर्फ कमी पडतो आणि उन्हाला आडोसा उरत नाही, हे दुसरं. जागतिक हवामान संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालात म्हटलंय की आफ्रिकेतल्या पर्वतांवरच्या हिमनद्या २०४० च्या दशकापर्यंत संपतील आणि माउंट केनियावरच्या त्याच्या दहाएक वर्षं आधीच. ज्या बर्फासाठी क्राप्फला कुणी खरं मानलं नाही, तो बर्फ तुम्ही मोठे होईपर्यंत कदाचित फक्त फोटोत असेल.

मग केनियातल्या लोकांना पाणी कुठून मिळणार, असं तुम्ही विचाराल. बर्फापेक्षा जास्त पाणी खालचं जंगल देतं. ते पाऊस आणि धुकं अडवतं, जमिनीत मुरवतं आणि सावकाश सोडतं. केनियातली सर्वांत लांब नदी टाना हिला या पर्वताचं पाणी मिळतं आणि तिच्यावर वीज बनवणारी मोठी धरणं आहेत. म्हणून जंगलतोड ही इथे बर्फ वितळण्याइतकीच, माझ्या मते त्याहूनही मोठी काळजी आहे. वंगारी माथाई याच पर्वताच्या पायथ्याच्या न्येरी भागातल्या. त्यांनी १९७७ साली ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली आणि गावोगावच्या बायकांना रोपं लावायला शिकवलं. २००४ साली शांततेचं नोबेल मिळाल्याचा फोन आला तेव्हा त्या न्येरीलाच होत्या. बातमी कळल्यावर त्यांनी समोरच्या पर्वताकडे बघत एक झाड लावलं.

जायचं ठरलं तर

महिने निवडताना जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबर घ्या. तेव्हा पाऊस कमी असतो. सिरिमोनने चढून चोगोरियाने उतरायचं ठरवलं, तर नान्युकीत एक रात्र (सुमारे १९५० मीटर), ओल्ड मोझेसला दोन रात्री, मधल्या दिवशी वर फिरून पुन्हा खाली झोपायला. मग लिकी नॉर्थला तंबूत एक रात्र (३९९० मीटर), शिप्टन कॅम्पला एक, आणि मग लेनाना. पाचशे मीटरचा नियम इथेही एकदा थोडा मोडतो, पण आधीची जादा रात्र मदतीला येते. उतरताना मायकेलसन तळ्याकाठी एक मुक्काम. नान्युकी सोडल्यापासून सहा दिवस होतात. सहल ठरवणारे लोक चार दिवसांत करून देतो म्हणतील आणि ते स्वस्तही पडेल. आईबाबांना वरची वजाबाकी दाखवा आणि जादा रात्रींचे पैसे मागून घ्या.